स्नोमोबाइलचं इंजिन घरच्या घरी सांभाळताना: बर्फ वितळल्यापासून पहिल्या फेरीपर्यंत

बर्फ वितळला की बहुतेक जण गाडीवर ताडपत्री टाकतात आणि मोकळे होतात. पुढच्या मोसमात पहिल्याच फेरीला पिस्टन जाम झाला की मग दोष थंडीला, पेट्रोलला, नाहीतर बनवणाऱ्याला. माझ्या अनुभवात इंजिनाची अर्धीअधिक देखभाल ही मोसम संपतो त्या आठवड्यात करायची असते. म्हणून हा लेख मी तिथूनच सुरू करतोय आणि पहिल्या बर्फापर्यंत नेतोय.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची सगळी कामं का करायची ते वेगळं सांगावं लागणार नाही. स्नोमोबाइलमध्ये अजूनही टू-स्ट्रोक इंजिनं भरपूर दिसतात, कारण मऊ बर्फात गाडीचं वजन फार महत्त्वाचं असतं. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखं तळाशी ऑइल साठलेलं नसतं. हवा, पेट्रोल आणि ऑइल यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये जायच्या आधी क्रँककेसमधून, म्हणजे क्रँक (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा दांडा) जिथे फिरतो त्या खोलीतून जातं आणि जाता जाता क्रँकच्या बेअरिंगना, पिस्टनला जेवढं ऑइल मिळेल तेवढंच. याच पेट्रोलमुळे पिस्टन थोडा थंडही राहतो. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन तापतं. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल, तर तेही त्याच प्रमाणात कमी पडतं. ही इंजिनं बहुतेक वेळा अशीच मरतात. नको तिथून हवा शिरते, किंवा हवं तिथे पेट्रोल-ऑइल पोचत नाही. घरी करायच्या तपासण्यांपैकी बहुतेक याच दोन गोष्टींचा शोध आहेत.

सुरू करण्यापूर्वी

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल हाताशी ठेवा. खाली मी जे आकडे देतोय ते सर्वसाधारण आहेत. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. मेट्रिक सॉकेट आणि पाने, स्पार्क प्लगचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या ताणाइतकंच आवळणारा पाना), फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), पक्कड, टॉर्च आणि भरपूर फडकी एवढ्यात बहुतेक कामं होतात. टॉर्क रेंच उसना आणला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय हेडच्या बोल्टना हात लावू नका. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की एवढ्याशा बोल्टसाठी अख्खं हेड खाली काढावं लागतं.

दोन नियम मात्र मोडायचे नाहीत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचं नाही, दार अर्धं उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि मागचा ट्रॅक उचलून इंजिन रेस करायचं असेल तर मागे कुणीही उभं राहता कामा नये. ट्रॅकमधला स्टड (पकडीसाठी बसवलेला धातूचा खिळा) किंवा अडकलेला खडा सुटला तर तो कुठे जाईल याचा भरवसा नाही. इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्ट काढलेला असताना इंजिन रेस करणंही टाळा. भार नसल्यामुळे इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि पुढचा क्लच खराब होऊ शकतो.

मोसम संपल्यावर: फॉगिंग

बंद गाडीत इंजिनाचा शत्रू म्हणजे दमट हवा. क्रँकची बेअरिंग उघडी असतात. त्यांच्यावरचा ऑइलचा पातळ थर काही आठवड्यांत ओघळून जातो आणि गंजाचे बारीक ठिपके पडायला लागतात. पुढच्या मोसमात क्रँक फिरताना तेच ठिपके बेअरिंग खातात. हे टाळण्यासाठी इंजिनात आतून ऑइलचा थर फवारायचा, त्यालाच फॉगिंग म्हणतात. फॉगिंग ऑइलचा एक डबा आणि अर्धा तास पुरतो.

कार्बोरेटरची गाडी असेल तर क्रम असा:

१. टाकीत स्टॅबिलायझर (साठवलेलं पेट्रोल टिकवणारं औषध) घालून ती पेट्रोलने भरा. रिकाम्या टाकीच्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकवर पाणी जमतं, भरलेल्या टाकीत त्याला जागाच कमी मिळते.

२. गाडी उघड्यावर आणून दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचेल.

३. एअरबॉक्स (कार्बोरेटरकडे हवा नेणारी पेटी) बाजूला करा. इंजिन आयडलपेक्षा जरा वर ठेवून प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडात आलटून पालटून फॉगिंग ऑइल फवारा. दाट पांढरा धूर येऊ लागला की इंजिन बंद करा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

४. इंजिन गार झाल्यावर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घाला, स्टार्टरची दोरी सावकाश पाच-सहा वेळा ओढा आणि प्लग परत लावा.

५. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका.

थेट इंजेक्शनच्या इंजिनांची गोष्ट वेगळी आहे. काही इंजिनांत साठवणुकीचं ऑइल स्वतःच सोडणारी सोय असते. मॅन्युअलमध्ये ती कशी चालू करायची ते दिलेलं असतं. तिथे डबा घेऊन स्वतःची कल्पकता चालवू नका. या इंजेक्टरांच्या वायरिंगमध्ये साध्या बॅटरीपेक्षा बराच जास्त व्होल्टेज असतो, म्हणून नुसत्या अंदाजाने कनेक्टर सोडू नयेत.

पेट्रोलबद्दल एक टीप. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. नेमकं तळाचंच पेट्रोल इंजिनाकडे जातं, आणि ते इंजिनाला चालत नाही. गेल्या मोसमातलं बेऔषधी पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून टाका. दोन लिटर वाचवण्यासाठी दोन पिस्टन पणाला लावण्यात अर्थ नाही.

शेवटी एक्झॉस्टच्या तोंडात चिंध्यांचा बोळा भरा, म्हणजे उंदीर घर करणार नाहीत. बोळ्याला लालभडक रिबीन बांधून हँडलवर अडकवा. का, ते मी सांगत नाही. ज्यांनी बोळा विसरून दोरी ओढली आहे त्यांना कळेल.

प्लग वाचणं

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, आणि डॉक्टरसारखी आधी तीच बघायची. जास्त वेळ घ्या, कारण हे फुकटचं निदान आहे. बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत एनजीके कंपनीचा बीआर९ईएस किंवा त्याच्यासारखाच १४ मिमी आट्यांचा प्लग असतो. काढताना डावा-उजवा वेगळा ठेवा. नाहीतर कोणता सिलिंडर काय सांगतोय ते कळणार नाही.

इन्सुलेटरचं टोक चहासारखं तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळं, ओलसर, तेलकट असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त येतंय, किंवा चोक ओढून ठेवलाय, किंवा गाडी फक्त आयडलवर फिरली आहे. पांढरंफटक, खडबडीत, किंवा त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे चमचमणारे बारीक कण दिसले तर तिथेच थांबा. ती पिस्टनची भुकटी आहे. नवे प्लग लावून पुढे जाण्याऐवजी हवा कुठून शिरते ते आधी शोधा. दोन सिलिंडरच्या प्लगमध्ये ठळक फरक दिसला, तर तो कोणत्याही एका रंगापेक्षा जास्त बोलका पुरावा आहे. एकच टाकी, एकच हवामान, मग फरक का?

गॅप बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो. फीलर गेजने बघा. लावताना प्लग आधी हाताने पूर्ण आत फिरवा. पाना लागण्याआधीच अडकला तर आटे तिरपे गेलेत. हाताने बसल्यावर नवा प्लग गास्केट दाबायला साधारण अर्धा वळसा, जुना असेल तर फक्त एक अष्टमांश वळसा. एनजीके स्वतःच सांगतं की त्यांच्या प्लगवरच्या लेपामुळे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावायची गरज नाही. लावलं तर तोच टॉर्क जास्त ताण देतो.

कॉम्प्रेशन, आणि एक्झॉस्टच्या तोंडातून डोकावणं

इंजिन कोमट करा, दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि किल-स्विच, म्हणजे इंजिन थांबवायचं बटण, थांबवण्याच्या जागी ठेवा. गेज एका भोकात बसवा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि सुई थांबेपर्यंत दोरी जोरात ओढा, म्हणजे पाच-सहा वेळा. मग दुसरा सिलिंडर. बऱ्याच निरोगी इंजिनांत आकडा ११० ते १३० पीएसआयच्या आसपास येतो, पण उंचावर तो कमीच दिसेल आणि गेजगेजमध्येही फरक असतो. म्हणून आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघा. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर काहीतरी झालंय. थ्रॉटल दाबायला विसरलात तर दोन्ही सिलिंडर आजारी वाटतील. पहिल्या वेळी मी याच चुकीने इंजिन उघडायला निघालो होतो.

त्यानंतर एक्झॉस्ट पाइप काढा. बहुतेक गाड्यांत तो स्प्रिंगांनी धरलेला असतो. हुक लावून ओढा, बोटाने नको. आता टॉर्च लावून पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा दिसतात. सरळ उभ्या बारीक रेघा चालतात. पण जाड ओरखडे, धातू फासल्यासारखे डाग, एका जागी चिकटलेली रिंग दिसली तर हेड उघडायची वेळ आली. चार कोपऱ्यांत चार ठिकाणी ओरखडे असतील तर कारण बहुधा थंडीत लगेच रेस करणं. याबद्दल शेवटी बोलू. पाइप परत लावताना तुटलेली स्प्रिंग आणि भाजलेलं गास्केट बदला. गळणारी गरम हवा बोनेटखाली पसरते, इंजिन तीच ओढतं आणि ताकद कमी होते.

एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह

बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणारे व्हॉल्व्ह असतात. रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांत त्यांना रेव्ह म्हणतात. त्यावर काजळी चिकटली की ते अडकतात आणि गाडी खालच्या वेगात मलूल होते किंवा वरच्या वेगात खेचत नाही. मोसमात एकदा काढा. फ्लॅप सॉल्व्हंटमध्ये भिजवून प्लास्टिकच्या ब्रशने घासा, तारेने ओरखडू नका. हवेच्या दाबावर चालणारे असतील तर रबरी भात्यात चीर आहे का ते उजेडात ताणून बघा. व्हॉल्व्ह कोणत्या बाजूने बसला होता ते काढताना मार्करने खूण करून ठेवा, कारण उलटा बसला तर पिस्टनला लागू शकतो.

कार्बोरेटर आणि त्यामागचं रबर

मिकुनी कंपनीचा गोल स्लाइडचा कार्बोरेटर उघडणं अवघड नाही. काढण्याआधी फोटो काढा. बाऊल खाली उतरवला की मुख्य जेट, पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक; पायलट आयडलसाठी), फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि नीडल दिसतात. पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की सुकलेल्या पेट्रोलचा चिकटपणा सगळ्यात आधी तिथेच अडकतो. मोसमाच्या सुरुवातीला आयडल न धरणाऱ्या गाडीचं ते नेहमीचं दुखणं. कार्बोरेटर क्लीनर फवारा आणि संकुचित हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. जेट उजेडात धरून पलीकडे गोल उजेड दिसतोय का बघा. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे तपासा.

जेटच्या निवडीत बहुतेक लोक चुकतात. हवा जितकी थंड तितकी दाट. उणे ३० अंशांची हवा शून्य अंशाच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, म्हणजे तितकाच ऑक्सिजन जास्त आणि पेट्रोलही तितकंच जास्त लागणार. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत मोठ्या आकड्याचा मुख्य जेट लागतो. उंचावर उलटं: समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेचा दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतो, तिथे लहान जेट. गाडीच्या बोनेटखाली किंवा मॅन्युअलमध्ये तापमान आणि उंचीचा तक्ता असतो. तो बघा, आणि शंका असेल तेव्हा एक पायरी मोठा जेट घ्या. मोठ्या जेटने प्लग काळे पडतील, लहानने पिस्टन जाम होईल. इंजेक्शनच्या गाडीत हे सगळं सेन्सर बघतात.

आता त्या रबरी जोडाकडे, जो कार्बोरेटरला इंजिनाशी जोडतो. मी एकदा दोन कार्बोरेटर साफ केले, जेट बदलले, प्लग बदलले, तरी डावा प्लग पांढराच. शेवटी तो रबरी जोड हाताने वाकवला तेव्हा खालच्या बाजूला नखाएवढी चीर दिसली. सरळ असताना ती बंद व्हायची. म्हणून हे रबर नुसतं बघायचं नाही, वाकवून बघायचं. चिरा पडल्या असतील तर गोंदाचा प्रयोग न करता नवं लावा. क्लॅम्प घट्ट करा, पण रबर कापलं जाईल इतका नाही.

गळती शोधणं

रबर ठीक असूनही प्लग पांढरा येत असेल तर क्रँकचे सील किंवा गास्केट संशयित. चालू इंजिनावर पेट्रोलजन्य स्प्रे मारून आवाज बदलतो का बघायची पद्धत सर्वत्र सांगतात. मला ती आवडत नाही, गरम एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील वाफ नको. त्याऐवजी इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद करा आणि प्लगच्या भोकातून, किंवा पेट्रोल पंपाला दाब देणाऱ्या बारीक नळीतून, हातपंपाने ०.४ बारपर्यंत हवा भरा. याहून फार जास्त नको, सील बाहेर ढकललं जाईल. दाब काही मिनिटं तरी टिकायला हवा. टिकत नसेल तर साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर आणि क्रँकच्या दोन्ही टोकांवर लावा. जिथे बुडबुडा तिथे गळती. क्लचमागच्या आणि मॅग्नेटोमागच्या (मॅग्नेटो म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) सीलपर्यंत पोचणं कष्टाचं आहे, क्लच काढायला खास पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो. शोध घरी लावा, दुरुस्तीला पुलर नसेल तर माहीतगाराकडे द्या.

ऑइल

ऑइल पंपाची गाडी असली तरी पंपावर आंधळा विश्वास नको. पंपाकडे येणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसले तर हवा काढा. तोवर टाकीत ५०:१ मिश्रण, म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, घातलेलं बरं. पंपावरची खूण थ्रॉटल केबलशी जुळते का तेही तपासा. केबल ताणली की खूण सरकते आणि ऑइल कमी पडतं. कोणतं ऑइल, ते मॅन्युअल सांगेल. सर्वसाधारणपणे हवेवर किंवा पाण्यावर थंड होणाऱ्या जमिनीवरच्या इंजिनांसाठीचं, एफसी किंवा एफडी दर्जाचं ऑइल असतं. बोटीच्या इंजिनांचं टीसी-डब्ल्यू३ वेगळ्या कामासाठी आहे, मॅन्युअल म्हणत नसेल तर वापरू नका.

फोर-स्ट्रोक गाड्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांचं काम तुमच्या चारचाकीच्या जवळ जातं. यामाहाने २००३ च्या मॉडेल-वर्षात आरएक्स-१ आणल्यानंतर ही इंजिनं नजरेत भरली. दर मोसमाला ऑइल आणि फिल्टर, तेही साठवणुकीआधी, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्लं महिनोन् महिने धातूवर राहणं चांगलं नाही. अनेक इंजिनांना वेगळी ऑइल टाकी असते. तिथे पातळी थंड इंजिनावर बघितली तर चुकीची दिसते. मॅन्युअलमधली गरम करून बंद करायची पद्धतच पाळा. व्हॉल्व्हचा क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तपासायची वेळ बरीच उशिरा येते.

कूलंट

पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत ट्रॅकखालच्या बोगद्यातल्या हीट एक्स्चेंजरवर बर्फ उडतो आणि त्यामुळेच इंजिन थंड राहतं. कठीण बर्फावर किंवा उघड्या वाटेवर तो उडत नाही, म्हणून तिथे तापमान चढतं. हा बिघाड नाही, वापराची पद्धत आहे. कूलंट म्हणजे ग्लायकोल आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं, ज्याचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास येतो. नुसतं ग्लायकोल उलट कमी थंडीत गोठतं. दोन वर्षांनी बदला. भरताना फिलरचं तोंड सगळ्यात उंच राहील असं गाडीला धरा, हवेचे बुडबुडे काढा आणि गरम झाल्यावर पातळी पुन्हा बघा. गरम झाकण उघडू नका. सांडलेलं लगेच पुसा, ग्लायकोल गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना विष.

बेल्ट आणि क्लच हे इंजिन नाहीत, पण घसरणारा बेल्ट कमकुवत इंजिनासारखा वागतो. क्लचच्या थाळ्या ब्रेक क्लीनरने पुसा, ग्रीस लावू नका. चकाकणारा, तडकलेला किंवा मॅन्युअलमधल्या रुंदीपेक्षा अरुंद झालेला बेल्ट बदला.

पहिलं चालू करणं

एक्झॉस्टमधला बोळा काढला का? मग चालू करा. फॉगिंगच्या ऑइलमुळे थोडा धूर आणि मिसफायर होणारच. प्लग ओले झाले तर बदला, जुने साफ करून पुढच्या वेळी वापरा. आता सगळ्यात जास्त संयम लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो. इंजिनाच्या खोलीतलं कूलंट गरम आणि मागच्या एक्स्चेंजरमधलं अजून गार असताना पूर्ण थ्रॉटल दिला, तर गार पाण्याचा लोट सिलिंडरवर येऊन तो आकसतो आणि पिस्टन त्यात अडकतो. वर म्हटलेले चार कोपऱ्यांतले ओरखडे इथूनच येतात. म्हणून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मग पाच-सहा मिनिटं अर्ध्या थ्रॉटलच्या आत हळू फिरवा. थांबून मागच्या एक्स्चेंजरच्या नळीला हात लावा. ती कोमट लागेपर्यंत पूर्ण थ्रॉटल देऊ नका. पहिली टाकी संपायच्या आधी प्लग पुन्हा काढून बघा आणि कॉम्प्रेशनचे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तुमच्या गाडीचे तुमचेच आकडे हवेत.